चिखलात फिरवलेली आरसी (रिमोटवरची) गाडी धुतली आणि आता स्टेअरिंग थरथरतंय, काय करावं?

शहापूरकर_बाबा:
नमस्कार मंडळी. दिवाळीत पोराला एक आरसी ट्रक घेतलोय, १/१० स्केलचा, ब्रश मोटर, टू-एस (म्हणजे दोन सेलची) लायपो, लिथियम-पॉलिमर बॅटरी. उन्हाळाभर मस्त चालला, काही त्रास नाही. गेल्या रविवारी पाऊस थोडा उघडला म्हणून येळ्ळूरला राजहंसगडाच्या पायथ्याला घेऊन गेलो, तिथली लाल माती तुम्हाला माहीत आहेच, अर्ध्या तासात गाडीचा रंग कळेना झाला. बॉक्सवर वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून घरी आल्यावर सरळ न्हाणीघरात नळाला पाईप लावून धुतलो, चांगलं जोरात पाणी मारलो, वर साबणाचं पाणी पण ओतलो. मग पुसून बाल्कनीत ठेवलो आणि झालं असं समजलो.

दुसऱ्या दिवशी चालू केलं तर पुढची चाकं आपोआप थरथर करूलालीत, रिमोटला हात लावला नाही तरी. पुढच्या डाव्या चाकातून वाळू दळल्यासारखा आवाज येतोय. मोटर चालते पण आधीसारखी उचल नाही. दुकानात फोन केलो तर पाण्यानं बिघडलेलं वॉरंटीत बसत नाही म्हणाले. पोरगं रोज शाळेतून आलं की पहिलं गाडीपाशीच जाऊन बसतंय, बघवत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, आता हे सुधारेल का, तांदळात ठेवू का? दुसरं, पुढच्या वेळी पाणी न लावता गाडी साफ कशी करायची? आपल्याकडे ऑक्टोबरपर्यंत चिखल आहेच, तोवर गाडी कपाटात ठेवणं काही जमणार नाही.

खानापूर_रानवाट:
दादा पहिलं काम, बॅटरी गाडीत असेल तर आत्ताच्या आत्ता काढा, पुढचं नंतर वाचा. आणि परत परत चालू करून "आता बरं झालं का" बघू नका. ओल्या बोर्डात करंट फिरला की गंज फार जोरात धरतो, नुसतं पाणी पडून जेवढं बिघडत नाही तेवढं त्या दोन मिनिटांच्या टेस्टिंगनं बिघडतं.

वॉटरप्रूफ म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणारा भाग, डब्यात बंद असतो, ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड, रेझिनमध्ये बुडवलेला असतो, स्टेअरिंग वळवणाऱ्या सर्व्होला रबरी रिंगा असतात, एवढंच. बेअरिंग, स्क्रू, मोटरचं शाफ्ट, अ‍ॅक्सलच्या पिना हे सगळं लोखंड-स्टीलच आहे, त्याला काही वॉटरप्रूफ नसतं. आणि गाडी पाण्यातून जाणं वेगळं, नळाची धार मारणं वेगळं. डबक्यातून जाताना शिंतोडे उडतात, पाईपची धार मात्र सील ढकलून आत घुसते. शिवाय तुम्ही साबण घातला, साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत जास्त शिरतं.

थरथरतंय ते सर्व्होमुळे, जवळजवळ खात्रीनं सांगतो. सर्व्होच्या आत मोटर असते, गिअर असतात आणि एक छोटा पॉट असतो, रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणात असतो तसला. चाक किती वळलंय ते तो पॉट सांगतो. त्यावर पाण्याचा थर बसला की तो सारखी चुकीची जागा सांगतो, सर्व्हो ती दुरुस्त करायला जातो, परत चुकीचं सांगतो, म्हणून ती थरथर. बहुतेक वेळा वाळवलं की जातं.

सर्व्हो काढून तळाकडून बघा, चार लांब स्क्रू दिसतील. ते काढताना वरचं झाकण बोटानं घट्ट दाबून धरा, कारण तेच स्क्रू वरचं झाकण पण धरतात आणि ते उघडलं की बारीक गिअर टेबलभर सांडतात, मग कुठला कुठे ते लावत बसा. फक्त तळाचं झाकण काढा, आत काय दिसतंय ते फोटो काढून टाका इथे.

गणपत_गल्ली_मोबाईल:
मी मोबाईल रिपेअरिंग करतो, पाण्यात पडलेले फोन रोज येतात, पावसाळ्यात तर रांग लागते. तांदळाचं एकदाच सांगतो, तांदूळ फारसं पाणी ओढून घेत नाही. उघड्या फॅनखाली ठेवलेला बोर्ड तांदळाच्या डब्यातल्यापेक्षा लवकर वाळतो. वर त्या तांदळाची पिठी चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते ती आम्हाला काढावी लागते. तांदूळ जेवायला ठेवा.

तुम्हाला लागणार आहे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आयपीए म्हणून मागा, ९९ टक्केवालं. सॅनिटायझर नको, त्यात तीस टक्के पाणीच असतं आणि वर ग्लिसरीन, ते चिकट बसतं. आयपीए पाण्यात मिसळतं आणि पाण्याला घेऊन उडून जातं. जुना मऊ टूथब्रश त्यात बुडवून बोर्ड हलक्या हातानं घासा, मग फॅनखाली ठेवा. रात्रभर ठेवा, घाई करू नका. हेअर ड्रायर मारायचाच असेल तर थंड हवेवर, गरम हवेनं प्लॅस्टिक वाकतं आणि पाणी अजून आत जातं. आणि आयपीए पेट घेतं, गॅसजवळ देवाजवळ काम करू नका, खिडकी उघडी ठेवा.

कनेक्टर सगळे काढून बघा. पिनेवर पांढरी नाहीतर हिरवी भुकटी दिसली तर तिथं पाणी बसलं होतं. ती आयपीएनं घासून काढा, वाळल्यावर डायइलेक्ट्रिक, म्हणजे करंट न वाहू देणाऱ्या ग्रीसचा अगदी तीळभर थर द्या, पुढच्या वेळी पाणी टिकणार नाही. काही लोक बोर्डवर नेलपॉलिश मारतात. कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे बोर्डवर पातळ संरक्षक थर देणारा स्प्रे मिळतो तो बरा, पण ते मारताना पिना, बटणं आणि सर्व्होमधला पॉट झाका. पॉटच्या आत कोटिंग गेलं तर सर्व्हो गेला समजा.

वडगाव_माग:
आमच्या घरात आजोबांपासून माग आहेत, मशीनला तेल देणं हे लहानपणापासून बघत आलोय, म्हणून तेलाबद्दल लिहितो. माझ्या भाच्याकडे पण अशीच गाडी आहे.

लोक गाडी धुतल्यावर पाण्याच्या भीतीनं सगळीकडे तेल ओततात, ते पाण्यापेक्षा वाईट. मागावर जास्त तेल दिलं की कापसाचा फुफाटा येऊन चिकटतो, दोन दिवसात त्याची काळी लेई होते आणि ती लेई धातू खाते. गाडीचं पण तेच. ओलसर तेलकट गिअरवर लाल धूळ बसली की ती पॉलिश पेपरसारखी घासते. उघडा असलेला मोठा गिअर आणि मोटरचा छोटा पिनियन हे कोरडेच ठेवायचे, नुसते ब्रशनं झाडायचे, प्लॅस्टिकच्या गिअरला तेलाची गरज नसते. तेल फक्त बेअरिंगला आणि मोटरच्या शाफ्टला, ते पण एक थेंब. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, सुईच्या टोकावर थेंब घेऊन द्यायचं आणि बाहेर आलेलं पुसून काढायचं.

खोबरेल तेल कुणी वापरू नका, आमच्या शेजाऱ्यानं मुलाच्या गाडीला दिलं, थंडीत ते गोठलं आणि उन्हाळ्यात चिकट झालं.

भटकंती_०७:
एवढं कशाला करताय, ब्रशवर थोडं पेट्रोल घेऊन घासा, माती ग्रीस सगळं निघतं, बाईकची चेन मी तशीच साफ करतो. पाणी नको आणि काही नको.

उद्यमबाग_टर्नर:
पेट्रोल नको भावा, प्लीज. चेनचं गणित वेगळं, ती सगळी स्टीलची. या गाडीचं वरचं कव्हर लेक्सानचं असतं म्हणजे पॉलिकार्बोनेट, त्याला पेट्रोल थिनर लागलं की जाळीसारख्या बारीक चिरा पडतात आणि पुढच्या पलटीत ते काचेसारखं फुटतं. रबरी सील फुगतात, टायरचा डिंक सुटतो. आणि ब्रश मोटरमध्ये ठिणग्या पडतच असतात, पेट्रोलची वाफ आत राहिली आणि मोटर चालू केली तर हातातच पेट घेईल. घरात पोरं आहेत, हे कुणी करू नका.

आता मूळ प्रश्नाकडे. मी वर्कशॉपमध्ये बेअरिंग रोज हाताळतो. डाव्या चाकातून वाळू दळल्यासारखं येतंय म्हणताय तर ते बेअरिंग गेलंय किंवा जायच्या वाटेवर आहे. चाक काढा, बेअरिंग बाहेर घ्या, बोटावर धरून हळू फिरवा. चांगलं बेअरिंग फिरताना हाताला काहीच लागत नाही, खराब झालेलं टकटक लागतं, जणू आत साखरेचा दाणा आहे. तसं लागलं तर ते धुवून फार दिवस चालत नाही, बदला. बऱ्याच १/१० गाड्यांना पाच बाय अकरा बाय चार मिलिमीटरचं लागतं, एमआर ११५ म्हणून मिळतं, तरी व्हर्नियरनं मापून घ्या, कंपनीप्रमाणे बदलतं. मागताना टू-आरएस मागा, म्हणजे दोन्ही बाजूला रबरी सील. झेड-झेडला पत्र्याचं झाकण असतं, ते मोकळं फिरतं पण आपल्या चिखलाला टिकत नाही.

बेअरिंग वाचण्यासारखं असेल तर सील सुईच्या टोकानं कडेनं हळूच उचला, आयपीएत बुडवून हलवा, काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत, मग वाळवून थोडं ग्रीस भरून सील परत दाबा.

आणखी एक, सगळे म्हणतात कॉम्प्रेसरची हवा मारा. मारा, पण आधी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडा. पावसाळ्यात हवेतली ओल टाकीत पाणी होऊन साठते, आमच्याकडे सकाळी कॉक उघडला की तांब्याभर निघतं. ते न सोडता हवा मारली तर वाळवायला म्हणून गेला आणि पाणीच मारून आला असं होतं. पंक्चरवाल्याकडे हवा मारणार असाल तर हातावर आधी मारून बघा, हात ओला लागला तर नको. आणि बेअरिंगवर हवा मारून ते भिंगरीसारखं फिरवू नका. मजा येते, पण तेल नसलेलं बेअरिंग त्या वेगात खरवडून निघतं.

शहापूरकर_बाबा:
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवण झाल्यावर बसलो, पोरगं पण शेजारी बसलं, टॉर्च त्यानं धरला. चार स्क्रू काढलो, झाकण बोटानं दाबून धरलो तुम्ही सांगितल्यासारखं. तळाचं झाकण उघडलं तर आत एक पाण्याचा थेंब होता, अगदी गोल, बोर्डच्या कोपऱ्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा, हललं की तो पण हलायचा. पोरगं म्हणालं बाबा हाच चोर.

टिश्यूची वात करून तो टिपून घेतलो, आयपीए आज सकाळी आणलो, ब्रशनं घासलो, आता फॅनखाली आहे. बेअरिंग पण काढलो. उजवीकडचं मऊ फिरतंय, डावीकडचं तुम्ही म्हणालात तसं साखरेचा दाणा अडकल्यासारखं. सील उचलला तर आत ग्रीस नाहीच, लाल चहासारखं पाणी. उद्या उद्यमबागेत जाऊन दोन आणतो, दोन्ही बाजूचे बदलूनच टाकतो.

पण माझा दुसरा प्रश्न राहिला. चिखलातून आल्यावर पाणी न लावता करायचं काय? आणि डब्ल्यूडी-४० मारू का, घरात आहे.

वडगाव_माग:
डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आहे, तेल म्हणून नाही. नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे, १९५३ साली तयार केलं आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. स्क्रूच्या डोक्यावर, अ‍ॅक्सलवर, मोटरच्या शाफ्टपाशी फडक्यानं लावा, पाणी सुटतं. पण ते उडून जातं आणि बेअरिंगमधलं ग्रीस पण पातळ करून घेऊन जातं, म्हणून त्याच्यावर नंतर तेलाचा थेंब द्यावाच लागतो. टायरवर आणि ब्रेक किंवा क्लचसारखं काही घसरणारं असेल तिथे अजिबात नको.

खानापूर_रानवाट:
आता मी माझं सांगतो. आठवड्याला दोनदा जांबोटीकडच्या वाटेवर गाडी फिरवतो, तिकडे पाऊस म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको.

घरी आलो की पहिली बॅटरी बाहेर. मग वरचं कव्हर काढून बाजूला, ते एकटं नळाखाली धुतलं तरी चालतं, त्यात इलेक्ट्रिक काही नाही. बाकी गाडीला त्या दिवशी हातच लावत नाही. ओला चिखल पुसायला गेलात की तो फटीत ढकलला जातो. उलटी करून वर्तमानपत्रावर ठेवायची, पंखा चालू, सकाळपर्यंत माती वाळते. मग रंगकामाचा एक इंचाचा ब्रश घ्यायचा, केस जरा कडक, आणि वरून खाली झाडत यायचं. ऐंशी टक्के माती ढेकळं होऊन पडते. उरलेली आर्म्सच्या (चाकं धरणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यात, शॉकच्या स्प्रिंगखाली, स्क्रूच्या भोकात असते, तिथे टूथब्रश आणि बांबूची काडी. लोखंडी टोचा नको, प्लॅस्टिकला ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी तिथेच माती धरते. सगळ्यात शेवटी ओलसर, म्हणजे पिळून काढलेलं फडकं. पाण्याचा वापर एवढाच.

मोटरच्या भोकांकडे नीट बघा. आपल्या लाल मातीत लोखंडाचा अंश भरपूर, लोहचुंबक फिरवलं तर काळी बारीक भुकटी चिकटून येते. मोटरमध्ये चुंबकच आहेत, ती भुकटी आत ओढली जाते आणि फिरताना घासत बसते. तुमच्या मोटरची उचल गेलीय त्याचं कारण हे असू शकतं, नाहीतर कार्बन ब्रश ओले राहिलेत. कोरड्या ब्रशनं भोकं झाडा, हवा मारा, मग बिना लोडची, म्हणजे चाकं उचलून, हळू वेगात दोन तीन मिनिटं चालवा. पाण्यात ब्रश मोटर चालते पण कार्बन लवकर झिजतो हे लक्षात ठेवा.

आणि टायर. हे कुणी सांगत नाही. टायरच्या आत फोम असतो आणि रिमला किंवा टायरला बारीक भोक असतं हवा जायला, त्यातून पाणी आत जातं. फोम स्पंजच, तो पाणी धरून बसतो. तुमची गाडी मंद वाटतेय त्यात चाकांचं वजन पण असेल. चाक काढून कानापाशी हलवा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो का बघा. येत असेल तर भोक खाली करून जोरात झटका, ते भोक खालीच राहील असं चाक रात्रभर ठेवा. रोज ओलं राहिलं की फोम कुजतो, वास मारतो.

निपाणी_काळीमाती:
खानापूरवाल्या दादांनी लिहिलंय ते लाल मातीला बरोबर आहे, पण आमच्याकडची काळी माती असली तर थोडं वेगळं. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या लोकांसाठी लिहितो.

काळी माती ओली असताना डिंकासारखी. चाकाला एक थर, त्यावर दुसरा, गाडी दहा मीटर जात नाही, चाक आणि आर्मच्या मध्ये इतकी भरते की चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा थ्रॉटल दाबत राहू नका, मोटर आणि ईएससी तापून जळतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाची अशीच गेली, पाण्यानं नाही, अडकलेल्या चाकानं. थांबवा, हातानं माती काढा, मगच पुढे.

पण हीच माती वाळली की आकसते, शेताला भेगा पडतात तशा तिला गाडीवर भेगा पडतात, आणि मग नखानं उचललं तरी पापुद्रे निघतात. म्हणून काळ्या मातीला तर वाळायला द्यायचंच, पूर्ण एक दिवस. ओली धुवायला गेलात तर ती फुगते आणि जास्त चिकटते. लाल माती उलट, वाळली तरी बारीक धूळ उरते, तिचा डाग पण जात नाही. पांढऱ्या आर्म्सवरचा लाल रंग घासून घासून थकाल, राहू दे तो.

गणपत_गल्ली_मोबाईल:
एक राहिलं, गोव्याला जाणाऱ्यांसाठी. बीचवर गाडी नेली आणि समुद्राचं पाणी लागलं तर हे सगळं कोरडं साफ करायचं तिथे विसरा. मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढत राहतं, चोर्ला घाट चढून घरी येईपर्यंत गंज धरलेला असतो. तेव्हा बॅटरी काढून लगेच तिथल्या तिथे गोड्या पाण्यानं, धार न मारता, मग्यानं हळू ओतून धुवायचं आणि मग आयपीए. तेवढ्या एका वेळी पाणीच वाचवतं.

शहापूरकर_बाबा:
अपडेट. बेअरिंग मिळाले, व्हर्नियरनं त्यांनीच मापून दिले, माझ्या गाडीला पाच बाय अकरा बाय चारच होतं. सर्व्हो दोन रात्री फॅनखाली ठेवून आज लावलो. झाकण बंद करताना जुनी रबरी रिंग नीट खाचेत बसवलो, आधी ती एका बाजूला मुडपलेलीच होती, बहुतेक कारखान्यातूनच. थरथर गेली. चाकं सरळ उभी आहेत, रिमोटला हात लावला की मगच वळतात. चाक कानाला लावून हलवलो तर मागच्या दोन्हींत पाणी होतं! झटकून झटकून पाव वाटी तरी निघालं असेल.

मोटर अजून थोडी मंद वाटतेय, कार्बन ब्रश बघायचे राहिलेत. आणि बॅटरी आठवडाभर फुल चार्ज करून ठेवलीय, ते ठीक आहे ना?

खानापूर_रानवाट:
नाही, ते नको. आजच उतरवा. लायपो फुल म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट, तशी पडून राहिली की फुगायला लागते. ठेवायची असेल तर सेलला ३.८, म्हणजे तुमच्या टू-एसला ७.६ व्होल्ट. चार्जरला स्टोरेज मोड असेल तर तो लावा, नसेल तर गाडी थोडी चालवून मीटरवर बघा. फुगलेली दिसली, दाबल्यावर उशीसारखी लागली, तर चार्जिंगला लावू नका, घराबाहेर ठेवा. आणि चिखलातून आल्यावर बॅटरीचं प्लग पण बघत जा, त्यात माती राहिली की तिथेच तापतं.

मोटरचे कार्बन ब्रश उघडलात की फोटो टाका, किती उरलेत ते बघून सांगतो.